‘समाधि’ : एका हेरकथेचा बोलपट

१४ एप्रिल १९४४ हा दिवस हिंदुस्थानच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या इतिहासांत दोन ठिकाणीं नोंदला गेला आहे. त्या दिवशीं पूर्व सरहद्दीवर, मणिपुरांतील लोकताक सरोवराच्या कांठीं वसलेल्या मोइरंग या गांवीं, आझाद हिंद फौजेचे कर्नल शौकत मलिक यांनीं तिरंगा उभारला. त्याच दिवशीं पश्चिम खानदेशांत, शिंदखेडें तालुक्यांतील चिमठाणें या गांवाजवळ, धुळ्याहून नंदुरबारकडे निघालेला सरकारी खजिना भूमिगत क्रांतिकारकांनीं अडवून लुटला. एकीकडे ब्रह्मदेशाचें अरण्य तुडवून आलेली फौज, दुसरीकडे सातारा आणि खानदेश येथील मूठभर तरुण. एकाची वार्ता दुसऱ्यास असण्याचें कांहींच कारण नव्हतें. तरीहि दोन्ही प्रसंगांत एक गोष्ट समान होती. मलिक ज्या ‘बहादुर’ पथकाचे अधिकारी होते त्याचें कामच मुळीं हेरगिरीचें, शत्रूच्या ओळींमागें शिरून बातमी काढण्याचें. आणि चिमठाण्याची लूट ही गुप्त बातमी, पक्की खूण आणि बंद तोंडें यांवांचून शक्यच झाली नसती. दोन्हीकडचे वीर अगोदर गुप्त कामाचे कार्यकर्ते होते व मग योद्धे.

पुढें सहा वर्षांनीं, १९५० मध्यें, गोरेगांवच्या फिल्मिस्तान चित्रसंस्थेनें ‘समाधि’ हा बोलपट प्रकाशित केला. हिंदी पडद्यावर हेरगिरीची कथा सांगून अफाट लोकप्रियता मिळविलेल्या आरंभींच्या बोलपटांत त्याची गणना होते, आणि त्या वर्षींच्या सर्वांत यशस्वी बोलपटांत तो अग्रभागीं होता. त्याचा विषय आझाद हिंद फौज हाच होता. परंतु या बोलपटांतील नायक हेर नाहीं. हेर आहेत त्या शत्रूच्या बाजूच्या, आणि त्याहि दोन सुंदर स्त्रिया. ज्या युद्धांत आपल्या बाजूचीं माणसें वेष पालटून लढलीं, त्या युद्धाचें चित्र काढतांना गुप्तपणा तेवढा शत्रूच्या पदरीं कां टाकला गेला, या प्रश्नांतच ‘समाधि’च्या जन्माची आणि वारशाचीहि हकीकत सांठलेली आहे.

या बोलपटाचें मूळ द्रव्य इतिहासानेंच आयतें पुरविलें होतें. सुभाषचंद्र बोस यांचें हिंदुस्थानांतून निघून जाणें ही स्वतःच एक हेरकथा आहे. १६ जानेवारी १९४१ च्या मध्यरात्रीनंतर कलकत्त्याच्या एल्गिन रोडवरील घरांतून ते महंमद झियाउद्दीन या नांवानें, पठाणी वेषांत बाहेर पडले. पुतण्या शिशिर याच्या मोटारींतून ते गोमोह स्टेशनापर्यंत गेले. तेथून आगगाडीनें दिल्लीमार्गें पेशावर, आणि पेशावराहून डोंगरवाटांनीं काबूल. या शेवटच्या टप्प्यांत त्यांनीं मुक्याबहिऱ्याचें सोंग घेतलें होतें, कारण त्यांस पश्तू येत नव्हती. काबुलाहून ऑर्लांडो माझोट्टा या इटालियन नांवाच्या पारपत्रावर, मॉस्कोमार्गें, ते एप्रिल १९४१ च्या आरंभीं बर्लिनला पोंचले. दोन वर्षांनीं, फेब्रुवारी १९४३ मध्यें, कील बंदरांतून जर्मन पाणबुडीनें निघून, मादागास्करच्या जवळ भर समुद्रांत जपानी पाणबुडींत बदली होऊन, ते पूर्व आशियांत उतरले. २१ ऑक्टोबर १९४३ रोजीं सिंगापुरांत त्यांनीं आझाद हिंद सरकारची स्थापना जाहीर केली.

या कथेचा एक धागा ‘समाधि’ निघाला त्या वेळीं सामान्य प्रेक्षकाला ठाऊक नव्हता. पेशावराहून काबूलपर्यंत सुभाषबाबूंची सोबत करणारा भगतराम तलवार हा पुढें इटालियन, जर्मन, रशियन आणि ब्रिटिश अशा अनेक सरकारांचा हेर झाला. ब्रिटिशांच्या दफ्तरांत त्याचें सांकेतिक नांव ‘सिल्व्हर’ असें होतें. दिल्लीहून त्याचें काम ज्या अधिकाऱ्याच्या देखरेखीखालीं चाले तो पीटर फ्लेमिंग. जेम्स बाँड या काल्पनिक हेराचा जनक इयन फ्लेमिंग याचा हा थोरला भाऊ. नेताजींना ज्यानें सुखरूप सरहद्दीपार नेलें, त्याच माणसानें पुढें त्यांच्या जर्मन मित्रांच्या हातीं ब्रिटिशांनीं रचलेल्या खोट्या बातम्या दिल्या. विश्वास कोणावर ठेवावा, हा जो प्रत्येक हेरकथेचा गाभा, तो येथें कोणा कथालेखकाच्या कल्पनेपेक्षां अधिक विदारक स्वरूपांत प्रत्यक्ष घडून गेला होता.

खानदेशाला हा पुढारी परका नव्हता. डिसेंबर १९३६ मध्यें पूर्व खानदेशांतील फैजपूर येथें काँग्रेसचें खेड्यांत भरलेलें पहिलें अधिवेशन झालें. अध्यक्ष पंडित जवाहरलाल नेहरू होते. पुढें फेब्रुवारी १९३८ मध्यें अधिवेशन भरलें तें सुरत जिल्ह्यांतील हरिपुरा येथें, तापीच्याच कांठीं, आणि तेथें अध्यक्षस्थानीं सुभाषबाबू होते. खानदेशची भूमि भिजवून खालीं जाणाऱ्या नदीच्याच तीरावर त्यांचें तें भाषण झालें.

एवढी थरारक हकीकत हातीं असतांना ती १९४७ पूर्वीं पडद्यावर येणें मात्र अशक्य होतें. चित्रपटांची तपासणी १९१८ च्या कायद्यान्वयें होत असे, आणि मुंबईच्या तपासणी मंडळावर पोलिस कमिशनरांचा वरचष्मा असे. राष्ट्रीय पुढाऱ्यांचें चित्र किंवा त्यांचा नामोल्लेख दिसला कीं कात्री चाले. बोलपटकारांना म्हणून आडवळणानें बोलावें लागे. बाँबे टॉकीजच्या ‘किस्मत’ या १९४३ च्या बोलपटांतील परकीयांना दूर हटण्यास सांगणारें समूहगीत तपासनिसांच्या हातून सुटलें, कारण त्यांत जर्मन आणि जपानी यांचें नांव शत्रु म्हणून घातलेलें होतें. प्रेक्षकांना खरा रोख बरोबर समजला व तें गाणें पुन्हां पुन्हां लावण्याची मागणी होऊं लागली. म्हणजे हेरकथा पडद्यावर येण्यापूर्वींच बोलपटांच्या धंद्यानें सांकेतिक भाषा आत्मसात केली होती.

नोव्हेंबर १९४५ मध्यें लाल किल्ल्यांत शहानवाझ खान, प्रेमकुमार सहगल आणि गुरुबक्षसिंग धिल्लाँ यांच्यावर खटला सुरू झाला. बचावाचें काम भुलाभाई देसाई यांनीं चालविलें. एक मुसलमान, एक हिंदु व एक शीख असे तीन अधिकारी एकाच आरोपावरून उभे राहिलेले पाहून सारा देश पेटून उठला. जन्मठेपेची शिक्षा झाली, परंतु जानेवारी १९४६ मध्यें सरसेनापति ऑकिन्लेक यांना ती माफ करावी लागली. पुढच्याच महिन्यांत मुंबईच्या बंदरांत नौसैनिकांनीं बंड केलें. आझाद हिंद फौज ही तोंवर घराघरांत बोलली जाणारी कथा झाली होती. स्वातंत्र्य आल्यावर तपासणीचा धाक सरला, आणि ती कथा पडद्यावर आणण्याची चढाओढ लागली.

फिल्मिस्तान संस्था १९४३ मध्यें बाँबे टॉकीजमधून फुटून निघालेल्या मंडळींनीं काढली. शशधर मुकर्जी, रायबहादुर चुनीलाल, ज्ञान मुकर्जी आणि नट अशोककुमार हे तिचे आधारस्तंभ. लोकांना काय रुचतें याची मुकर्जींना अचूक पारख होती. गोड संगीत, वेगवान कथानक आणि काळाच्या नाडीवर बोट हें संस्थेचें सूत्र होतें. दिग्दर्शक रमेश सैगल यांनीं याच संस्थेसाठीं १९४८ मध्यें ‘शहीद’ काढला. दिलीपकुमार व कामिनी कौशल यांच्या भूमिका असलेली ही क्रांतिकारकाची कथा अतिशय गाजली. त्या यशानंतर सैगल यांनीं फौजेचा विषय हातीं घेतला, आणि ‘समाधि’ जन्मास आला.

कथानक थोडक्यांत असें. शेखर हा तरुण नेताजींच्या हांकेनें भारावून आझाद हिंद फौजेंत दाखल होतो. त्याचा सख्खा भाऊ सुरेश ब्रिटिशांच्या हिंदी सैन्यांत आहे. लिली आणि डॉली डिसूझा या दोन बहिणी नाचगाण्याच्या आडून ब्रिटिशांसाठीं बातम्या काढीत असतात. लिलीला शेखरवर पाळत ठेवावयाची असते, परंतु तिचें मन त्याच्यावरच जडतें. कामगिरी आणि प्रेम यांच्या कात्रींत ती सांपडते. शेखरची भूमिका अशोककुमार यांनीं केली, सुरेशची श्याम यांनीं, लिलीची नलिनी जयवंत हिनें आणि डॉलीची कुलदीप कौर हिनें.

नर्तकी हेर हें पात्र जगाच्या पडद्याला नवें नव्हतें. पहिल्या महायुद्धांत, १५ ऑक्टोबर १९१७ रोजीं, माता हारी या नर्तकीला हेरगिरीच्या आरोपावरून फ्रेंचांनीं गोळ्या घातल्या. १९३१ मध्यें तिच्या जीवनावर ग्रेटा गार्बो हिची भूमिका असलेला बोलपट निघाला. पुढें आल्फ्रेड हिचकॉक यांनीं ‘दि थर्टीनाइन स्टेप्स’ (१९३५) मध्यें निरपराध माणसाचा पाठलाग व ‘नोटोरियस’ (१९४६) मध्यें प्रेमासाठीं आणि देशासाठीं शत्रूच्या घरांत शिरलेली स्त्री रंगविली. हिचकॉकच्या बोलपटांत भय उपजतें तें अशा गोष्टींतून, कीं किल्ली कोणाच्या हातांत आहे हें प्रेक्षकाला ठाऊक असतें व पात्राला नसतें. ‘समाधि’ त्या जातीचा नाहीं. त्यांत युक्तीपेक्षां भावनेला अधिक वाव आहे. बातमी कशी चोरली जाते यापेक्षां चोरणाऱ्या स्त्रीच्या अंतःकरणांत काय चालतें, याकडे त्याचें लक्ष आहे. आणि सर्वांत मोठा फरक हा, कीं युरोपच्या हेरकथेंत दोन राष्ट्रें समोरासमोर असतात, येथें मात्र दोन्ही बाजूंना हिंदी माणसेंच आहेत. भावाविरुद्ध भाऊ आहे, आणि ज्या देशाच्या विरुद्ध लिली काम करते तो तिचाहि देश आहे.

भूमिकांची निवडहि या दृष्टीनें सूचक होती. अशोककुमार यांचा जन्म १९११ मध्यें भागलपुरास झाला, परंतु घर खांडव्याचें. वडील कुंजलाल गांगुली तेथें वकिली करीत. मुंबईहून निघालेली आगगाडी चाळीसगांव, जळगांव, भुसावळ हीं खानदेशचीं स्टेशनें ओलांडून बऱ्हाणपूर व मग खांडवा गांठते. खानदेशच्या सीमेवरील या गांवांतून आलेल्या नटानें ‘किस्मत’मध्यें खिसेकापूची भूमिका करून सज्जन नायकाची चाकोरी मोडली होती. अशा नटाला ‘समाधि’मध्यें मात्र सरळ, उघड्या छातीचा सैनिक दिला गेला. गूढपणा सगळा नलिनीच्या वांट्यास आला. मुंबईंत १९२६ मध्यें जन्मलेल्या या मराठी मुलीनें वयाच्या पंधराव्या वर्षींच बोलपटांत प्रवेश केला होता. तिच्या बोलक्या डोळ्यांत एकाच वेळीं खट्याळपणा आणि अपराधाची जाणीव दिसूं शके. त्याच वर्षीं ‘संग्राम’मध्यें ही जोडी पुन्हां दिसली व तेव्हांपासून नलिनीची गणना पहिल्या पंक्तींत होऊं लागली.

‘समाधि’चें संगीत सी. रामचंद्र यांचें व गीतें राजेंद्रकृष्ण यांचीं. रामचंद्र नरहर चितळकर हे अहमदनगर जिल्ह्यांतील पुणतांब्याचे. मराठी भावगीताची गोडी आणि पाश्चात्त्य नृत्यसंगीताचा ठेका यांचा मेळ त्यांच्याइतक्या सहजतेनें त्या काळीं फार थोड्यांनीं घातला. दोघी हेर बहिणी नाचतांना जें गीत गातात त्याची चाल दक्षिण अमेरिकेच्या नाचांची आठवण करून देणारी आहे. कुलदीप कौरसाठीं अमीरबाई कर्नाटकी व नलिनीसाठीं लता मंगेशकर यांनीं तें गाइलें. ओसरत्या पिढीचा भारदस्त आवाज आणि नव्या पिढीचा पातळ, तीक्ष्ण आवाज तेथें एकत्र ऐकूं येतात, आणि दोन बहिणींचे स्वभावहि त्यांतूनच उलगडतात.

हा नवा आवाज खानदेशचा नातेवाईक होता. लताबाईंचा जन्म १९२९ मध्यें इंदुरास झाला. पिता मास्टर दीनानाथ हे गोमंतकांतील मंगेशीचे, परंतु माता शेवंती ऊर्फ माई ही धुळे जिल्ह्यांतील थाळनेर येथील हरिदास रामदास लाड या गुजराती शेटजींची कन्या. थाळनेर म्हणजे तापीकांठचें तेंच गांव, जें खानदेशच्या फारुकी सुलतानांची बऱ्हाणपुरापूर्वींची राजधानी होतें, व ज्याच्या किल्ल्यानें १८१८ मध्यें इंग्रजी फौजेला तोंड दिलें. या आजोळच्या आजीकडून लताबाईंनीं लहानपणीं गुजराती लोकगीतें आणि गरबे ऐकले. घराण्याची नाटकमंडळी आणि आजीचे गरबे यांवर पोसलेला हा गळा ‘समाधि’मध्यें परकीय ठेक्यावर नाचणाऱ्या हेर स्त्रीचा आवाज झाला.

येथेंच या बोलपटाची मोठी विसंगति दिसते. ‘समाधि’मध्यें आझाद हिंद फौजेचें सुप्रसिद्ध कूचगीतहि होतें. नायकाच्या त्यागाचें चित्रण होतें, नेताजींची व्यक्तिरेखा होती. तथापि लोकांच्या ओठांवर राहिलें तें मुख्यतः त्या दोन हेर बहिणींचें गाणें. पुढें पाऊणशें वर्षें हें गाणें लग्नाच्या मांडवांत आणि शाळांच्या संमेलनांत वाजत आलें आहे. गाणाऱ्या दोघी कोणासाठीं आणि कोणाविरुद्ध काम करीत होत्या, याची आठवण फारच थोड्यांना असते. हेरानें ओळख लपवावी, ही जर त्याच्या कलेची कसोटी, तर त्या गाण्याइतका यशस्वी हेर दुसरा सांपडणार नाहीं.

आतां मूळ प्रश्नाकडे वळतां येईल. गुप्तपणा शत्रूच्या पदरीं कां टाकला गेला? याचें एक कारण त्या काळच्या नीतिकल्पनेंत आहे. तीस वर्षें देशाला शिकवण मिळाली होती ती उघड सत्याग्रहाची. कायदा मोडावा तो सांगून, आणि शिक्षा भोगावी ती हंसत. गांधीजींनीं गुप्त कार्याला नेहमींच दोष दिला, आणि १९४४ मध्यें सुटल्यावर भूमिगतांना प्रकट होण्याचा सल्ला दिला. या शिकवणीचें एक तीर्थच धुळ्यास आहे. १९३२ मध्यें धुळ्याच्या तुरुंगांत विनोबांनीं गीतेवर अठरा प्रवचनें दिलीं, आणि सानेगुरुजींनीं तीं लिहून घेतलीं. उघडपणें कैद पत्करलेल्या माणसांचा तो सत्संग होता.

परंतु त्याच धुळे जिल्ह्यांत दुसरा प्रवाहहि वाहत होता. ९ सप्टेंबर १९४२ रोजीं नंदुरबारास शिरीषकुमार मेहता या शाळकरी मुलासह पांच जण पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. (नंदुरबार तेव्हां पश्चिम खानदेशांत होतें, १९९८ पासून तो स्वतंत्र जिल्हा आहे.) त्यानंतर अनेकांनीं गुप्त मार्ग धरला. अमळनेर भागांतील डॉ. उत्तमराव पाटील भूमिगत झाले. त्यांच्या पत्नी लीलाताई या पोलिसांच्या पहाऱ्यांतून निसटल्या. साताऱ्याच्या प्रतिसरकारला पैशाची निकड होती. जी. डी. ऊर्फ बापू लाड आणि नागनाथअण्णा नायकवडी हे सातारकर कार्यकर्ते खानदेशांत आले व चिमठाण्याची कामगिरी उभय जिल्ह्यांच्या तरुणांनीं मिळून पार पाडली. साडेपांच लाखांहून अधिक रुपयांचा खजिना त्यांच्या हातीं लागला. फितुरीचा एक शब्द बाहेर पडता तर सारे फांसावर गेले असते. ज्या सानेगुरुजींनीं विनोबांचीं प्रवचनें लिहून घेतलीं, तेहि १९४२ मध्यें कांहीं काळ भूमिगतच होते. उघड आणि गुप्त हे दोन्ही मार्ग एकाच माणसाच्या आयुष्यांत, एकाच जिल्ह्यांत, शेजारीं शेजारीं नांदले. गुरुजी ११ जून १९५० रोजीं निवर्तले. ‘समाधि’ निघाला तें हेंच वर्ष.

दुसरें कारण अधिक खोल आहे. गुप्त युद्धाचें खरें चित्र काढावयाचें तर समोरचा माणूसहि आपलाच होता, हें दाखवावें लागतें. चिमठाण्यास खजिन्यावर पहारा करणारे शिपाई हिंदीच होते. बातमी देणारे खबरेहि हिंदी, आणि त्यांना शासन करणारे प्रतिसरकारहि हिंदी. खानदेशाला हें दुःख जुनें आहे. १८२५ मध्यें जेम्स आउट्रम यानें धरणगांवास भिल्ल पलटण उभारली ती भिल्लांकडूनच भिल्लांचा बंदोबस्त करण्यासाठीं. सेंधव्याच्या घाटाची रखवाली करणारा कंपनीचा नोकर खाज्या नाईक १८५७ मध्यें त्याच कंपनीवर उलटला, आणि १८६० मध्यें घात करणाऱ्याच्या हातून मेला. तोहि शेवटीं आपल्यांतलाच निघाला. एका घरांत दोन गणवेश, ही गोष्ट खानदेशच्या सातपुड्यालगतच्या गांवांना कोणत्याहि बोलपटानें शिकवावी लागली नसती.

‘समाधि’नें हा प्रश्न टाळला असें म्हणणें अन्यायाचें होईल. शेखर आणि सुरेश हे दोन भाऊ दोन गणवेशांत उभे करून त्यानें तो मांडला. १९५० मध्यें हा विषय नाजूक होता, कारण त्याचा निकाल प्रत्यक्ष जीवनांत लागलेला नव्हता. स्वतंत्र हिंदुस्थानचें सैन्य ब्रिटिशांच्या हिंदी सैन्यांतूनच तयार झालें होतें, व आझाद हिंद फौजेच्या लोकांना त्यांत परत घेतलें गेलें नाहीं. ज्यांच्या खटल्यासाठीं देश रस्त्यावर आला, त्यांतील कित्येकांस पोटासाठीं वणवण करावी लागली. स्वातंत्र्यसैनिकांच्या निवृत्तिवेतनाची मध्यवर्ती योजना सुरू झाली ती १९७२ मध्यें, आणि त्या योजनेंत या फौजेच्या सैनिकांचा समावेश झाला. बावीस वर्षें आधीं पडद्यावर दोन भावांना प्रेक्षकांनीं सारख्याच जिव्हाळ्यानें पाहिलें होतें. सरकारी कचेरींत जो समेट व्हावयास एवढा विलंब लागला, तो चित्रगृहाच्या अंधारांत आधीं होऊन गेला. यासाठीं गुप्तपणाचें सारें पाप परक्यांच्या पगारी नर्तकीवर टाकावें लागलें, आणि तिलाहि प्रेमानें शुद्ध करून घ्यावें लागलें.

या बोलपटाच्या मागोमाग आलेल्या घटनाहि लक्षांत घेण्यासारख्या आहेत. सुरेशची भूमिका करणारे श्याम २५ एप्रिल १९५१ रोजीं ‘शबिस्तान’च्या चित्रणाच्या वेळीं घोड्यावरून पडून मरण पावले. १९५० मध्येंच बिमल रॉय यांनीं ‘पहला आदमी’ हा फौजेवरील बोलपट काढला. त्यांत नझीर हुसेन होते, जे स्वतः त्या फौजेंत राहून आले होते. १९६२ मध्यें जेम्स बाँड इंग्रजी पडद्यावर आला आणि हेर हा नायक होऊं शकतो, हें जगानें मान्य केलें. हिंदींत ‘फर्ज’ (१९६७) आणि रामानंद सागर यांचा ‘आँखें’ (१९६८) या बोलपटांनीं तो पायंडा पाडला. तोंवर चीन व पाकिस्तान यांच्याशीं युद्धें होऊन गेलीं होतीं. समोरचा शत्रु आतां खरोखरच परका होता, आणि म्हणून आपला हेर उजळ माथ्यानें वावरूं शकला. २०१८ मध्यें मेघना गुलजार यांच्या ‘राझी’मध्यें हेर स्त्री नायिका झाली, तीहि शत्रूच्या घरांत वावरते व प्रेम आणि कामगिरी यांच्या कात्रींत सांपडते, परंतु ती आपल्या बाजूची आहे. लिली डिसूझाच्या वांट्यास आलेला प्रश्न अडुसष्ट वर्षांनीं तसाच राहिला, बाजू तेवढी पालटली.

‘समाधि’ या नांवालाहि एक इतिहास चिकटून आहे. ८ जुलै १९४५ रोजीं नेताजींनीं सिंगापुरांत समुद्रकांठीं फौजेच्या अनाम हुतात्म्यांच्या स्मारकाची कोनशिला बसविली. दोन महिन्यांतच ब्रिटिश परतले आणि त्यांनीं तें स्मारक सुरुंग लावून उडविलें. त्या जागीं स्मृतिफलक उभा राहिला तो १९९५ मध्यें. दगडाची समाधि उद्ध्वस्त झाल्यावर पांचच वर्षांनीं सेल्युलॉइडची ही ‘समाधि’ गांवोगांवच्या चित्रगृहांत उभी राहिली, आणि ती उडविणें कोणाच्याहि हातीं नव्हतें.

सी. रामचंद्र १९८२ मध्यें निवर्तले. त्यापूर्वीं, १९६३ च्या जानेवारींत, चीनच्या युद्धांत पडलेल्या जवानांसाठीं त्यांनीं बांधलेलें गीत लताबाईंनीं दिल्लीस गाइलें, तेव्हां पंडित नेहरूंच्या डोळ्यांत पाणी आल्याचें सांगतात. हेर स्त्रीला गळा देणाऱ्या त्याच दोघांनीं पुढें उघड रणांत पडलेल्यांचें शोकगीत देशाला दिलें. अशोककुमार २००१ मध्यें, नलिनी जयवंत २०१० मध्यें आणि लताबाई ६ फेब्रुवारी २०२२ रोजीं गेल्या.

मोइरंगला आज आझाद हिंद फौजेचें स्मारक आहे, आणि बोलपटांनींहि फौजेची कथा पुन्हां पुन्हां सांगितली आहे. चिमठाण्याच्या त्या दिवसाला मात्र ‘समाधि’सारखा लोकप्रिय बोलपट अद्याप लाभलेला नाहीं. ज्यांनीं गुपित प्राणापलीकडे जपलें, त्यांची स्मृतिहि गुपितासारखीच राहिली. धुळ्याहून दोंडाईच्याकडे निघालेल्या मोटारी आजहि चिमठाण्यावरून जातात. एखाद्या मोटारींत कधीं तें जुनें नृत्यगीत लागलेलेंहि असेल. गाणें ऐकणाऱ्यानें खिडकीबाहेर एकदां पाहावें. ज्या युद्धांतून तें गाणें जन्मलें, त्याचेंच एक रणांगण त्या रस्त्याच्या कडेला आहे.